रकाना रिकामा ठेवू नये

१

चूक धर्मपाल काकाची होती. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी ती मशीनवर, माझ्यावर किंवा माझ्या बहिणीवर ढकलायला नको.

धर्मपाल काका माझ्या बापाचा दोस्त. तोंडावर मी त्याला 'तुमी' म्हणायचो, पाठीमागे 'तो'. इथंही 'तो'च लिहिणार. सगळी उमर त्यानं सरकारी ऑडिटमध्ये काढली. गावोगावच्या ग्रामपंचायतींची दप्तरं तपासायची, सरपंचाच्या घरची कोंबडी खायची आणि लाल पेनानं शेरे मारायचे. रिटायर झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात. ह्यानं अमरावतीला राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वर दोन खोल्या घेतल्या, दारावर अंगठ्याचं मशीन बसवलं आणि कंपनी काढली. खाली पोरं दिवसभर फिजिक्सचे फॉर्म्युले घोकायची, वर आम्ही हॉस्पिटलं आणि लॅबच्या कॉम्प्युटरांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम तयार करायचो. म्हणजे सगळ्या जगासाठी खुली असलेली घ्यायची आणि गिऱ्हाइकाच्या मापानं कापायची.

मी इंजिनियरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. शिकवणाऱ्यांना येत नव्हतं, आणि ते त्यांच्या तोंडावर सांगितल्याशिवाय मला राहवत नव्हतं. काकानं मला ठेवून घेतलं ते माझ्या बापावर उपकार म्हणून. हे तो दर आठवड्याला बोलून दाखवायचा.

माझ्याकडे ऑडिटची लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, बाकीचे प्रोग्राम ज्याच्याकडून काम करून घेतात. हिचं काम एकच : मशीनवर जे होईल त्याची नोंद ठेवणं. काय उघडलं, काय बदललं, कुठल्या टेबलावरून, आणि कोणी. ह्या 'कोणी'च्या रकान्यात काही वेळा खरोखरच काही नसतं. मशीन स्वतःचं घड्याळ लावतं, कचरा साफ करतं, त्यामागं माणूस नसतो. तिथं रकाना रिकामा राहतो आणि त्यात काही वाईट नाही.

काकाला हे पटायचं नाही. "रिकामा रकाना म्हनजे चोराले सोडलेली जागा," तो म्हणायचा. "कोन सापडत नसन तर शेवटी ज्याच्या हातात व्हतं त्याचं नाव टाकाचं. आमी जिल्हाभर असंच केलं."

माझ्या आधी इथं किशोर नावाचा पोरगा होता, आता पुण्याला आहे. त्यानं काकाच्या हुकुमाप्रमाणे लायब्ररीत दोन ओळी घातल्या होत्या. रकाना रिकामा दिसला की त्या मशीनवर शेवटचं लॉगिन ज्याचं, त्याचं नाव आपोआप बसायचं. छान दिसायचं. एकही जागा मोकळी नाही.

मी त्या ओळी पाहिल्या होत्या. मूर्खपणा आहे असंही बोललो होतो. "तू डिग्री घेऊन ये, मंग मले शिकव," काका म्हणाला होता.

२

नीलमताई माझी मोठी बहीण. अकोल्याच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. तिथली मशीनं आमचीच. एका दुपारी तिचा फोन आला. आवाज रडून कोरडा झालेला.

"अश्विन, मले घरी बसवलं."

"काहून?"

"हिवरखेडची एक म्हातारी आहे, पंचफुलाबाई. तिचा ब्लड ग्रुप बी व्हता, कॉम्प्युटरवर ए झाला. रक्त चढवाच्या आंधी नळीत जुळवून पाह्यतात, तठी सापडलं म्हनून बाई वाचली. नोंदीत माहं नाव आहे."

"तू बदलला का?"

"भैताडा, मी तवा आरतीसंगं डब्बा खाऊन राहिलती! सगळ्यायनं पाह्यलं मले."

"मंग स्क्रीन लॉक करून गेलती का?"

मग म्हणाली, "कोनीच नाई करत रे. लॉक केली की पुन्हा पासवर्ड टाकाव लागते. सकाळी एकदा चालू केलं की दिवसभर चालूच."

चौकशीला कमिटी बसणार होती. ताईवर ठपका आला तर ही नोकरी जाणारच, वर तिची टेक्निशियनची नोंदणी रद्द होणार होती. मग कुठल्याच लॅबमध्ये तिला कोणी उभं करणार नाही. मी कॉलेज सोडलं तेव्हा बापानं माझं ताट वेगळं मांडायला लावलं होतं. ताईनं ते उचलून स्वतःच्या ताटाशेजारी ठेवलं होतं. त्यामुळे हे प्रकरण माझंच होतं.

काकाला सांगितलं. तो चष्मा पुसत म्हणाला, "मशीन खोटं नाई बोलत, बेटा."

"काका, मशीनले तुमीच खोटं बोलाले लावलं."

पण मी लायब्ररी दुरुस्त करायला घेतली तेव्हा त्यानं अडवलं नाही.

३

काम सोपं होतं. किशोरच्या त्या दोन ओळी काढल्या. मग प्रत्येक नोंदीला तिच्या लॉगिनशी पक्कं बांधलं : माणूस जेव्हा पासवर्ड टाकून आत येतो तेव्हा त्याला एक ओळख मिळते, आणि बाहेर पडेपर्यंत ती बदलता येत नाही. नोंदींचा कच्चा माल जुना असला तरी हॉस्पिटलच्या सर्व्हरवर तसाच पडून होता. तो मागवला आणि नव्या लायब्ररीतून पुन्हा काढला.

पंचफुलाबाईच्या नोंदीवरून ताईचं नाव गेलं. रकाना रिकामा झाला.

मी खुर्चीतून उठून नाचलोच. खाली जाऊन टपरीवर चहा प्यालो, ताईला फोन केला. वर येऊन पुन्हा पाहिलं, तेव्हा जरा विचित्र वाटलं.

मशीनच्या स्वतःच्या कामाला टेबल नसतं. घड्याळ लावायला मशीन कोणाच्या टेबलावर येऊन बसत नाही. ह्या नोंदीत टेबल होतं. ताईचंच, खिडकीजवळचं. म्हणजे कीबोर्ड तिथला, बोटं तिथली, आणि माणूस नाही. शिवाय ताईची स्क्रीन उघडी असूनही ताईची ओळख त्यावर नाही; पासवर्ड नाही, लॉगिन नाही, आत येण्याची नोंदच नाही. एखादा माणूस घरात चालताना दिसावा आणि दारातून आलेला कोणी पाहिला नसावा, तसं.

अशा आणखी नोंदी आहेत का म्हणून शोधलं. शेकड्यानं निघाल्या. कधी खिडकीजवळच्या टेबलावर, कधी नोंदणीच्या, कधी सुपरवायझरच्या. आजवर एकही दिसली नव्हती, कारण प्रत्येकीवर कोणाचं ना कोणाचं नाव पांघरलेलं होतं. नियम सगळीकडे एकच होता : माणूस स्क्रीन उघडी टाकून उठला की थोड्या वेळानं ह्या नोंदी सुरू व्हायच्या. माणूस परत आला की थांबायच्या. एकदाही गाठ पडलेली नव्हती.

काय करायचं ते? काही नाही. रिपोर्ट उघडायचा, बंद करायचा. दुसरा उघडायचा. सुरुवातीच्या नोंदी अगदी तुटक होत्या, पुढेपुढे एकेका रिपोर्टवर जास्त वेळ थांबलेलं दिसायचं. वाचत असल्यासारखं.

मी स्वतःला समजावलं. दुरून चालवायचं सॉफ्टवेअर कोणीतरी टाकलं असेल. माउस कूलरच्या हादऱ्यानं हलत असेल. झाडूवाली कीबोर्ड पुसत असेल. तिन्ही कारणं पटण्यासारखी होती, आणि तिन्ही तपासायला अकोल्याला जावं लागणार होतं. खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. ताईसाठी निम्मं, आणि ते कोण आहे हे पाहायला निम्मं.

४

बडनेऱ्याहून गाडी पकडली. अकोल्यात उतरलो तेव्हा ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

हॉस्पिटलची लॅब मागच्या अंगाला, तळमजल्यावर. लांबट खोली. तीन टेबलं, तीन कॉम्प्युटर, रक्ताच्या नमुन्यांचा फ्रिज, लेबल छापायचं मशीन आणि खिडकीत बसवलेला कूलर, ज्याचा पंप मधूनमधून कोरडा फिरून किरकिरायचा. ताईची मैत्रीण आरती ड्यूटीवर होती. सुपरवायझर साधना मॅडम मला पाहून म्हणाल्या, "तुमच्या बहिणीले वाचवाले आले का मशीन दुरुस्त कराले?"

"दोन्ही एकच काम आहे मॅडम."

"आमच्या वक्ती रजिस्टर व्हतं. हे असं काई व्हत नव्हतं."

"तुमच्या वक्ती चुका मांजरावर घालत असतीन," मी म्हणालो. आरती हसली. मॅडम हसल्या नाहीत.

तिन्ही मशीनांवर नवी लायब्ररी टाकली, मग इंटरनेटची वायर उपटली. दुरून कोणी येण्याची वाट बंद. माउस काढून ड्रॉवरमध्ये टाकले. झाडूवाली तानुबाई सकाळीच झाडून गेली होती. जेवणाची वेळ झाली तेव्हा आरतीला म्हणालो, नेहमीसारखी स्क्रीन उघडी टाकून जा. सगळ्या गेल्या. मी दाराजवळच्या स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. हॉस्पिटलच्या आतल्या वायरीवरून तिथली नवी नोंद झाली की माझ्याकडे एक ओळ उमटणार होती.

बराच वेळ काही नाही. कूलर, फ्रिज, बाहेर ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरांच्या गप्पा.

मग खिडकीजवळची खुर्ची खाली बसली.

त्या खुर्च्यांच्या दांड्यात हवा असते. माणूस बसला की दांडा आत जातो आणि फुस्स असा हलका आवाज येतो. तोच आवाज आला आणि खुर्ची बोटभर खाली गेली. जुन्या खुर्चीची हवा आपोआपही जाते, हे मला माहीत होतं. मी ते मनात म्हणालोही. तेवढ्यात लॅपटॉपवर ओळ उमटली. टेबल : खिडकी. कोणी : रिकामं. रिपोर्ट उघडला.

कीबोर्डची एकही कळ हलताना दिसली नाही. पण मी दहा-बारा पावलांवर होतो आणि खिडकीतून उजेड तोंडावर येत होता, तेव्हा दिसलं नाही म्हणजे हललीच नाही असं म्हणता येत नाही. उठून जवळ जावं की नाही, ह्यात मी अडकलो. उठलो तर ते थांबणार हे नोंदींवरून ठाऊक होतं. म्हणून बसून राहिलो आणि ते काय करतं ते वाचत राहिलो.

त्या दिवशी ते वाचत नव्हतं. रिपोर्टच्या शेऱ्याच्या जागी काहीतरी लिहून, सेव्ह न करता पुसत होतं. पुसलेलं रुग्णाच्या फाइलीत राहत नाही, पण माझ्या नव्या लायब्ररीत राहतं. ओळी येत गेल्या.

ए.

ए एस.

ए एस डी.

ए एस डी एफ.

ज्यानं कधी गल्लीतल्या टायपिंग क्लासची पायरी चढली आहे त्याला हे सांगायला नको. पहिला धडा. डाव्या हाताची चार बोटं. मी जुनी नोंद पुन्हा काढून पाहिली. पंचफुलाबाईच्या रक्तगटाच्या जागी फक्त एक कळ दाबली गेली होती. ए. त्या दिवशी ते बहुतेक पहिल्यांदाच दाबून पाहत होतं, आणि चुकून सेव्ह झालं.

त्यात वाकडं काहीच नव्हतं. ते शिकत होतं.

कॉरिडॉरमधून आरतीचा आवाज आला. ओळी थांबल्या. खुर्ची वर आली. मी जाऊन बसायच्या जागेवर हात ठेवला. गरम होती. पण मे महिन्यात अकोल्यात स्टीलचा ग्लासही गरम असतो.

"दिसलं का काई?" आरतीनं विचारलं.

"खुर्चीची हवा जाऊन राहिली तुमच्या," मी म्हणालो.

५

परत आल्यावर काकासमोर सगळं मांडलं. खुर्चीचं सोडून. त्यानं लाल पेन हातात घेऊन कागद पुन्हा पुन्हा पाहिले.

"कोनीच्या रकान्यात काईच नाई?"

"काईच नाई."

"असं नसते."

"आहे ना समोर."

"अबे, मी कमिटीपुढे काय सांगू? कोनीच नाई बदललं म्हनू? तिघंही म्हातारे आहेत तठी, माह्यापेक्षा बी म्हातारे. ते म्हनतीन, मानूस दाखव. नाई दाखवला तर शेवटी जो टेबलावर व्हता त्याच्यावर येतीन. तो कोन? तुही बहीन."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. ही सगळी पिढी अशीच. ह्यांना कारण नको असतं, नाव हवं असतं.

काका उठला, खिडकीशी गेला. खाली गाड्या एकमेकींत अडकून हॉर्न मारत होत्या. मग म्हणाला, "माहं नाव टाक."

"कशावर?"

"सगळ्या रिकाम्या जागांवर. ऑडिटमंधी असंच असते. ज्या कागदाचा बाप सापडत नाई त्याच्यावर वरच्या सायबानं सही करा लागते. लिहून देतो : देखभालीच्या खात्यातून गफलत झाली, खातं कंपनीचं, कंपनी माही. नीलम सुटते, विषय संपते."

चांगुलपणा म्हणा हवं तर. मी इतकंच म्हणतो की सही करायची मिळाली की त्या माणसाचा चेहरा खुलायचा. रिटायर झाल्यापासून त्याला कोणी सही मागितली नव्हती.

"काका, ते कोन आहे हे पाह्यल्याबिगर त्याले नाव देऊ नोका."

"तूच म्हनतं ना कोनी नाई? मंग जो नाईच त्याले नाव देल्यानं काय व्हते?"

मी करणार नाही म्हणालो, तेव्हा त्यानं पुण्याला किशोरला फोन लावला, फोन कानाशी धरून एका बोटानं स्वतःच दोन ओळी टाइप केल्या आणि रकान्यात धर्मपाल बसवलं.

६

कमिटीनं कागद घेतला. माणूस मिळाला म्हटल्यावर म्हातारे खूश. पण अंतिम आदेश निघेपर्यंत सिस्टिममध्ये काही बदलायचं नाही, असं लिहून पाठवलं. तोवर ताई घरीच.

लॅबचं इंटरनेट मी निघतानाच पुन्हा जोडलं होतं, त्यामुळे अमरावतीत बसून रोज नोंदी पाहत होतो. आता रिकामी जागा कुठंच नव्हती. टेबल : खिडकी, कोणी : धर्मपाल. टेबल : नोंदणी, कोणी : धर्मपाल. त्याच्या वाचण्याचा वेग वाढला होता. टायपिंगचे धडे त्यानं भराभर संपवले. आणि एका दुपारी कीबोर्ड मराठीवर गेला.

तो कोणी बदलला असेल हा विचार मी केला आणि सोडून दिला. कारण पुढची ओळ आली होती.

ध.

पुसलं. ध. पुसलं. दुसऱ्या दिवशी दर, मग धर. मग रफार जमत नव्हता तेव्हा धरम, धम, पुन्हा धर. लहान पोर पाटीवर गिरवतं तसं. मी जेवण विसरून बघत बसायचो. भीती वाटायला हवी होती, पण मला वाटत होतं की आज जमेल का ह्याला. जमलं तेव्हा, धर्म, अगदी व्यवस्थित, मी टेबलावर हात आपटला. मग कळलं की आपण कशाला शाबासकी देतोय.

"काका, ते तुमचं नाव गिरवून राहिलं."

"कोन?"

"जो नाई तो."

"मंग गिरवू दे. अक्षर सुधरन त्याचं."

पण त्याच दिवशी कुरियरवाला आला. काकानं पेन घेतलं, कागदावर टेकवलं आणि तसाच राहिला. लिहायला लागलेला माणूस एखाद्या शब्दाशी अडतो, तसा.

"करा ना सही, बावाजी," कुरियरवाला म्हणाला. "ऊन वाढून राहिलं."

"ठसा चालते का?" काकानं विचारलं.

जिल्हाभर अंगठेबहाद्दर सरपंचांना हसत फिरलेला माणूस. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, शाईचं पॅड शोधत राहिला.

तेव्हा मी म्हणालो, "आत्ता काढतो मी नाव. आदेश गेला खड्ड्यात."

"हात लावू नोको." त्याचा आवाज पहिल्यांदाच मालकासारखा आला. "अर्ध्यात नाव काढलं तर म्हनतीन कागद खोटा. पोट्टी फसन. चौकशी संपू दे."

"अन् तुमचं?"

"माहं काय? रिटायर मानूस मी. नाव कोनाले लागते माहं?"

मी ताईला फोन करून विचारणार होतो. नंबर लावला आणि काय विचारायचं ते सुचेना, म्हणून कापला.

७

आदेश आला त्या सकाळी ताईचा फोन आला. ती कामावर परत. हसत होती, रडत होती, काकासाठी पेढे पाठवते म्हणत होती. मी तिथल्या तिथं रकान्यातून नाव काढून टाकलं आणि काकाला घेऊन खाली टपरीवर चहाला गेलो. ऑफिसला बाहेरून कुलूप लावायची गरज नव्हती. अंगठा लावल्याशिवाय दार उघडत नाही.

चहा हातात होता तेव्हा मोबाइलवर ओळ उमटली. ही अकोल्याची नव्हती. टेबल : राजापेठ, केबिन. कोणी : धर्मपाल.

मी नाव काढलं होतं. स्वतः तपासलं होतं. रकाना भरणारं आता काही उरलं नव्हतं. मग ओळीचा वरचा भाग वाचला. लॉगिन. पासवर्ड बरोबर. आत आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या नोंदीला सुरुवात होती.

"पासवर्ड कोनाले सांगतला तुमी?"

"कोनाले नाई," काका म्हणाला. तो बशीत चहा ओतत होता.

आम्ही वर गेलो. काकानं मशीनवर अंगठा ठेवला. दार उघडलं नाही. मशीनवर अक्षरं आली : आत आहे. हे मशीनही आमच्याच लायब्ररीवर चालतं, आत असलेल्या माणसाला ते पुन्हा आत घेत नाही. काकानं अंगठा धोतरासारख्या पांढऱ्या रुमालाला पुसून पुन्हा लावला. आत आहे.

मी माझा अंगठा लावला. दार उघडलं.

खालच्या क्लासमध्ये सुट्टी झाली असावी, कारण घोकंपट्टीचा आवाज नव्हता. पंखा बंद. केबिनचं दार अर्धवट उघडं. आतून टायपिंगचा आवाज येत होता. काका एका बोटानं टाइप करायचा. हा आवाज दहाही बोटांचा होता, न थांबणारा.

मला पुढं जायचं होतं. त्याहून जास्त मला काकाला पुढं जाऊ द्यायचं नव्हतं. त्याला थांबवायला मी मागं न पाहता हाक मारली, "धर्मपाल काका!"

"हाव," केबिनमधून उत्तर आलं. "ये ना, बेटा."

आवाज तोच. 'बेटा'वरचा जोरही तोच.

मी मागं वळलो. काका जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभा होता. तो माझ्याकडे पाहत होता आणि मग केबिनकडे, आपल्यासमोर कोणी तिसऱ्याच माणसाला हाक मारली तर आपण ज्या सभ्यपणानं वाट सोडतो, तसा. थोडा बाजूलाही झाला.

टायपिंग थांबलं. खुर्ची सरकली. केबिनच्या दाराच्या कडेला चार बोटं आली, मग पांढऱ्या शर्टाची बाही, बटण लावलेली. दार आतून हळूच लोटलं गेलं. काम करताना बाहेरचा गोंगाट नको असला की कोणीही लोटतं तसं.

मी काकाचा हात धरला आणि खाली आलो.

८

पुन्हा वर गेलो नाही. माझी बॅग तिथंच आहे.

कंपनी चालू आहे. गिऱ्हाइकांना वेळेवर मेल जातात, खाली धर्मपाल लिहिलेलं असतं, शुद्धलेखन एकदम साफ. माझ्या बापाला त्याचे फोन येतात. बाप म्हणतो, "तो ठणठणीत आहे, तूच नोकरी सोडून पळाला." मी बापाला समजवायच्या भानगडीत पडत नाही. पासष्टी उलटल्यावर माणसाला नवीन काही दाखवता येत नाही.

काका भातकुलीला मुलीकडे असतो. मुलीचं नाव भावना. तिला तो ओळखतो, नातवाला ओळखतो, मलाही ओळखतो. ऑडिटचे नियम कलमासकट सांगतो. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला भावनानं त्याला बँकेत नेलं, तर क्लार्क म्हणाला, हा तर आधीच सादर झाला आहे, स्वतः येऊन गेले. नाव काय म्हणून त्यानं काकाला विचारलं. काकानं भावनाकडे पाहिलं.

मी परवा गेलो होतो. अंगणात बसून आम्ही चहा प्यालो. मी दोन-तीनदा नावानं हाक मारून पाहिली. तो मागं वळून पाहायचा, कोण आलं म्हणून.

नीलमताई कामावर आहे. काकाचं नाव गेलं, ते परत आलेलं नाही. बाकी तब्येत चांगली आहे.